तीन पावसाळे

सुकऱ्याचं दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाहुणे आपापल्या पाड्यांवर निघून गेले. अंगणात घरचीच माणसं उरली. थोरला मुलगा तुळशीदास याच वेळेची दोन दिवस वाट पाहत होता.

तो जव्हारला मास्तर होता. बायको पुष्पलता आणि दोन मुलांसह तिथंच खोली घेऊन राहायचा. पोशेऱ्याजवळच्या या पाड्यावर सणाला नाहीतर मरणाला यायचा. धाकटा माघ्या दिवाळी झाली की बायको चैतीला आणि दोन पोरांना घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचा, तो पाऊस तोंडावर आला की परतायचा. यंदा बाप गेल्याचा निरोप मिळाला म्हणून ती चौघं माघातच घरी आली होती. रविवारी भट्टीचा ट्रक त्यांना परत न्यायला येणार होता. शुक्रवारी आरोग्य केंद्रात कुटुंबनियोजनाचं शिबिर होतं. आज बुधवार.

तुळशीदासच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. एकतीस मार्च पंच्याण्णवच्या आत प्रत्येक शिक्षकानं ऑपरेशनची निदान एक केस द्यावी, न देणाऱ्यांच्या बदलीचा विचार होईल, असं त्यात लिहिलं होतं. मागची तीन वर्षं त्यानं कुणाला तरी समजावून केस मिळवली होती. यंदा एकही नव्हती, आणि मोठा मुलगा जव्हारच्या शाळेत आठवीत होता. पण चैतीचं ऑपरेशन व्हावं असं त्याला कागद येण्याच्या आधीही वाटत होतं. गेल्या आषाढात ती बाळंतपणात अडली आणि तिला झोळीत घालून पक्क्या रस्त्यापर्यंत आणलं, तेव्हा बांबूचं एक टोक त्याच्याच खांद्यावर होतं. चढावर झोळीचं कापड लाल होत गेलेलं त्यानं पाहिलं होतं. ते पोर एकोणीस दिवस जगलं. त्याच्या बऱ्याच आधी झालेलं एक दीड वर्षाचं होऊन गेलं होतं. सात वर्षांची रखमी आणि तीन वर्षांचा रघ्या, एवढी दोन राहिली होती. त्यामुळं आता आपण हे तिच्यासाठी बोलतोय की आपल्यासाठी, हे तुळशीदासनं स्वतःला विचारलं नाही.

"आई," तो म्हणाला, "चैतीचं बोलायचं होतं. शुक्रवारी तिचं ऑपरेशन करून टाकू. केंद्रातली उज्ज्वला सिस्टर मागंच म्हणाली, पुढचं बाळंतपण तिला झेपायचं नाय."

कोंडी ओट्यावर पाय लांब करून बसली होती. कपाळ मोकळं झाल्यापासून ती चेहऱ्यावरून सारखा हात फिरवायची. तिनं मुलाकडं पाहिलं नाही. "सिस्टर तिच्या नोकरीचं बोलते. तू मधी कशाला पडतो?"

"दोन पोरं आहेत. पुष्कळ झाली."

"दोन आज हायत."

"आई, आता दिवस बदललेत. डोस आहेत, दवाखाना आहे—"

"दोन-तीन सालांमागं वांगणीला पोरं मेली, त्यांना काय डोस नव्हतं?" कोंडी म्हणाली. "एका घरातली दोन गेली. त्यांच्या आईचं ऑपरेशन झालेलं. आता ती बाई दारात बसून राहते नुसती."

तुळशीदासनं तोंड उघडलं, पण कोंडीला अजून बोलायचं होतं.

"तुला वाटतं तू थोरला. तू थोरला नाय, तुळश्या. तू चौथा. पहिली दोघं एका आठवड्यात गेली, गोवर निघाला तेव्हा. तिसरी पाळण्यात. तेव्हा कुणी येऊन माझं पोट बांधलं असतं, तर मास्तर होऊन मला शिकवायला तू आला नसता. नऊ केली तेव्हा तुम्ही दोघं भाऊ आणि सासरी गेलेली बहीण, एवढी तिघं माझ्या हाताला लागलात."

हे तिनं मुलांना कधी एवढं सरळ सांगितलं नव्हतं. सुकऱ्या असता तर त्यानं तिला गप्प केलं असतं. तो गेला त्या रात्रीपासून कोंडीला आपली मेलेली पोरं एकेक करून आठवत होती, नावानिशी. त्यातल्या दोघांना नाव ठेवायच्या आधीच पुरलं होतं. त्यांना ती मनातल्या मनात महिन्यांवरून ओळखायची. एक फाल्गुनातलं, एक श्रावणातलं. हे सगळं या शिकलेल्या मुलाला कसं सांगायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती रागावल्यासारखं बोलत होती.

माघ्या ओट्याच्या लाकडी मेढीला टेकून उभा होता. "तू काय म्हणतो?" तुळशीदासनं त्याला विचारलं.

"आये म्हणते तसं," माघ्या म्हणाला. मग म्हणाला, "सिस्टर म्हणते तेबी खोटं नाय."

चैती सगळ्यांच्या समोरच नाचणी पाखडत होती. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. सूप खाली ठेवून तिनं हंडा उचलला आणि ती पाण्याला निघाली. पुष्पलता तिच्या मागं गेली.

विहिरीवर त्या वेळी कुणी नव्हतं. पुष्पलतानं पोहरा तिच्या हातून घेतला, कारण दोन पोहरे ओढल्यावरच चैती कठड्याला धरून उभी राहिली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तुला काय वाटतं ते कुणी विचारलंच नाही," पुष्पलता म्हणाली.

"तू विचार."

"मग सांग."

चैती कठड्यावर टेकली. "बाय, मला थांबायचं हाय. संपवायचं नाय. रघ्या आता तीनचा हाय. अजून तीन पावसाळे त्यानं काढले, म्हंजी मग तो राहील. आमच्यात जी जातात ती त्या वयाच्या आधीच जातात. तेवढे तीन पावसाळे मला पोट नको. मग पुढचं पुढं बघू. तेवढ्यापुरतं काय असतं का?"

पुष्पलतानं आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न कुणाच्या तोंडून इतका नेमका ऐकला होता. तिला बरं वाटलं, कारण याला उत्तर होतं. "असतं ना. तांबी असते. तीन वर्षांची."

"बसवली होती. उज्ज्वला सिस्टरनंच बसवली, रघ्याच्या आधी. महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं. भट्टीवर पाण्याचं पिंप एकच, तेबी मुकादमाच्या खोपीजवळ. कापड धुवायचं कुठं, वाळवायचं कुठं? चिखल तुडवताना पायावरून ओघळ यायचे, बाकीची माणसं बघायची. मग काढली."

"गोळ्या?"

"त्याबी घेतल्या. सिस्टरनं दोन महिन्यांच्या दिल्या. संपल्यावर तिथल्या दवाखान्यात गेले, तर ती बाई विचारते तुझं कार्ड कुठाय. कार्ड इकडं. एक दिवस बुडला तर काम बुडतं, सारखं कोण जाणार?" ती थांबली. "निरोधचं विचारू नको. आठ फुटांची खोपी, मधी साडीचा पडदा, पलीकडं दुसरी जोडी. तिथं माणूस अंधारात काय करतो, काय नाय, मला तरी काय समजतं."

पुष्पलतानं पोहरा हंड्यात ओतला. जव्हारला तिनं स्वतः तांबी बसवून घेतली होती, दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन करून घेतलं होतं, आणि महिनाभर तिची आई येऊन राहिली होती. हे सगळं साधं असतं असं ती शेजारणींना सांगत आली होती.

"ऑपरेशन केलं तर किती दिवस पडून राहायचं?" चैतीनं विचारलं.

"आठ दिवस तरी. जड उचलायचं नाही महिनाभर."

"ट्रक रविवारी येतो. भट्टीवर जोडीला काम. मी नाय गेले तर ह्यांनाबी घेत नाय."

"पुरुषाचंही होतं ऑपरेशन," पुष्पलता म्हणाली. "ते सोपं असतं. दहा-पंधरा मिनिटं लागतात, आठवडाभर जड उचललं नाही की झालं. पण तेही कायमचंच."

"पुरुषाचं होतं? मग तुमच्यात दादांनी का नाय केलं?"

पुष्पलतानं दोर गुंडाळायला घेतला. तेव्हा आपल्याला कुणी विचारलं होतं का, आपण त्यांना विचारलं होतं का, हे ती आठवू लागली. दोन्हींपैकी काहीच झालं नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

घरी परतेपर्यंत तिनं मनाशी ठरवलं होतं. हंडा उतरवून ती अंगणातच म्हणाली, "माघ्याभाऊजी, ऑपरेशन तुम्ही करून घ्या. चैतीच्या अंगात रक्त नाही, तिला चिरू नका. तुमचं सोपं आहे."

माघ्यानं आधी वहिनीकडं आणि मग आईकडं पाहिलं. कोंडी उठून उभी राहिली होती.

"माझ्या पोराला खच्ची करायला आलीस तू?"

"आत्या, तसं काही होत नाही त्यात."

"तुझ्या नवऱ्याला कर आधी, तो तर खुर्चीत बसतो. हा डोक्यावर विटा वाहतो. त्याच्या अंगातली ताकद गेली तर खाणार काय सगळी?"

माघ्याला एक गडी आठवला. भट्टीवर वांगणीचा एकजण होता, ऑपरेशन झालेला. तो एकदा ओझ्यासकट पडला तेव्हा सगळे हसले होते आणि माघ्याही हसला होता. पण आषाढात तोही झोळीच्या मागून चालला होता. त्या दिवशी त्यानं गावदेवाला सांगितलं होतं, हिला वाचव, मी परत तिच्या वाटेला जाणार नाही. ते त्याला दिवाळीपर्यंतही जमलं नव्हतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हता.

"सोपं असेल तर," तो हळू म्हणाला, "मी बघतो."

तुळशीदास लगेच त्याच्याजवळ आला. "खरंच सोपं आहे, माघ्या. मी स्वतः तुझ्याबरोबर येतो. डॉक्टर ओळखीचे आहेत. शुक्रवारी सकाळी गेलो की दुपारी घरी." त्याचा आवाज मोकळा झाला होता. इतका वेळ तो चैतीच्या ऑपरेशनसाठी भांडत होता, ते तो विसरूनही गेला.

पुष्पलताच्या ते ध्यानात आलं. गेले पंधरा दिवस तो कागद घरात या कपाटातून त्या खिशात फिरताना तिनं पाहिला होता. "हो, तुम्हाला काय," ती म्हणाली. "दोघांपैकी कुणाचंही झालं तरी तुमची केस होते."

बोलून गेल्यावर तिनं ओठ मिटले.

"केस म्हंजी?" माघ्यानं विचारलं.

मग तुळशीदासनंच सांगितलं, कागद, मार्च, बदली. शाळेत फळ्यावर समजावतात तसं त्यानं सगळं क्रमानं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "पण मी त्यासाठी म्हणत नाही आहे."

"बापाचे दिवस सरेपर्यंत दम धरलास तेवढा," माघ्या म्हणाला. "तुझा पोऱ्या जव्हारला शिकावा म्हणून मी कापून घ्यायचं?"

"माघ्या, चैतीची हालत तू पाहिलीस ना?"

"मी रोज बघतो. तू आषाढात एकदा बघितलीस." तो अंगणाबाहेर पडला आणि खळ्याच्या दगडावर पाठ करून बसला.

कोंडी पुन्हा खाली बसली. तिच्या मनासारखं झालं होतं, पण तिला बरं वाटलं नाही. "झालं," ती म्हणाली. "कुणी कुठं जायचं नाय. रविवारी ट्रक आला की जा आपल्या कामाला."

"मी जाते," चैती म्हणाली.

तिनं सूप परत मांडीवर घेतलं होतं आणि मान वर केली नव्हती, म्हणून आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं.

"मी जाते शुक्रवारी. दादांची केस होऊ दे नायतर नको होऊ दे. ह्यांना नसंल जमत तर राहू दे."

"आणि रघ्याला काय झालं तर?" कोंडीनं विचारलं. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "उद्या त्याला काय झालं तर काय करशील, चैते?"

चैतीचे हात थांबले. "काय करीन ते मला नाय ठाऊक, आत्या. पण त्याच्या मागं पुरायला आणखी एक आणणार नाय."

कोंडीनं रघ्याला हाक मारली आणि मांडीवर घेतलं. त्या दिवशी त्या घरात परत कुणी या विषयावर बोललं नाही.

शुक्रवारी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात पंधरा-वीस बाया रांगेनं बसल्या होत्या. सगळ्यांच्या दंडावर चिकटपट्टी आणि तिच्यावर नंबर. चैतीचा नंबर अकरा. माघ्या रघ्याला घेऊन बाहेर आंब्याखाली उभा होता. भावाशी तो दोन दिवस बोलला नव्हता, पण जीपमध्ये येऊन बसला होता.

उज्ज्वला सिस्टरनं चैतीच्या बोटाला टोचलं, नळीत रक्त ओढलं आणि नळी उजेडात धरून पाहिली. मग दुसऱ्या बोटाला टोचलं. "चैती, शेवटची पाळी कधी आली होती?"

"कार्तिकापासून नाय आली. आधीबी अशी चुकते, सिस्टर. खाणं कमी झालं की चुकते."

सिस्टरनं तिला आत नेलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, आतून तपासलं, हात धुतले. पुष्पलता दारात उभी होती, तिलाच त्यांनी सांगितलं. "हिला तीन महिने होत आलेत. रक्त फक्त सहा, अकरा-बारा हवं. ऑपरेशन करता येणार नाही."

"मग हे काढून टाकता येईल?"

"सहावर? इथं नाही. मी हात लावणार नाही. नाशिकला न्या, रक्त देणारी दोन माणसं बरोबर घ्या. न्यायचं असेल तर पंधरा दिवसांत न्या, नंतर तेही अवघड."

चैती टेबलावर तशीच पडून होती. वर पाहत होती. डॉक्टर पुष्पलताशी बोलत होते ते सगळं तिनं ऐकलं. तिनं उठून लुगडं नीट केलं, दंडावरची पट्टी काढली आणि कुठं टाकायची ते न समजून हातात धरून ठेवली. दोन दिवसांपूर्वी घर ज्याच्यावरून भांडलं ते आधीच होऊन बसलं होतं, तिच्याच पोटात, आणि तिलासुद्धा कळलं नव्हतं.

बाहेर आल्यावर पुष्पलतानं आंब्याखाली जाऊन माघ्याला सांगितलं. तुळशीदासही तिथं होता. माघ्यानं रघ्याला खाली उतरवलं. तो व्हरांड्यापर्यंत गेला आणि चैतीसमोर उकिडवा बसला.

"दिवाळीत," तो म्हणाला.

"हां."

"तू बोलली नाय."

"मलाच नव्हतं ठाऊक."

तो उठला आणि उज्ज्वला सिस्टरजवळ जाऊन उभा राहिला. "माझं करा," तो म्हणाला. सिस्टरला वाटलं त्याला समजलं नसेल. ती म्हणाली, "हे आहे ते त्यानं थांबत नाही, माघ्या. हे पुढचं आहे." तो म्हणाला, "माहीत हाय. करा."

फॉर्मवर बायकोची संमती लागत होती. चैतीच्या अंगठ्याला शाई लावली आणि सिस्टरनं जागा दाखवली. अंगठा उठवण्याआधी चैतीनं विचारलं, "मी नाय म्हटलं तर होणार नाय?" सिस्टर म्हणाली, नाही होणार. चैतीनं माघ्याकडं पाहिलं. तीन पावसाळ्यांनंतरचं जे काही तिनं मनात ठेवलं होतं ते तिला त्या क्षणी आठवलं. मग तिनं अंगठा टेकवला. तिच्या अंगठ्याखाली, केस आणणाऱ्याच्या रकान्यात, तुळशीदासनं सही केली. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. सही करून झाल्यावर त्यानं पेन बराच वेळ बंद केलं नाही.

"मी नाशिकचं बघतो," तो चैतीला म्हणाला. "डॉक्टरांची चिठ्ठी घेतो, रजा मिळाली की तुला भट्टीवरूनच घेऊन जातो. या पंधरा दिवसांत."

"हां, दादा," चैती म्हणाली.

"नाहीतर जव्हारलाच राहा आमच्याकडं," पुष्पलता म्हणाली. "जाऊच नको."

"मी नाय गेले तर ह्यांची जोडी तुटते, बाय. दोन पोरं घेऊन किती दिवस राहीन मी तुझ्याकडं?"

पुष्पलताला ‘कितीही’ म्हणायचं होतं. खोलीत आधीच चार माणसं होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, तो चिठ्ठीची घडी घालत होता. ती गप्प राहिली, आणि हे आपण विसरणार नाही एवढं तिला कळलं.

माघ्याचं ऑपरेशन उरकून घरी पोचल्यावर कोंडीला दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या. ती रडेल, आरडाओरडा करेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती चैतीजवळ गेली आणि तिनं तिच्या पोटावर हात ठेवला. सासू झाल्यापासून तिनं इतक्या हलक्या हातानं तिला कधी शिवलं नव्हतं.

"म्हंजी आता हे शेवटचं," कोंडी म्हणाली. "ह्याला जप."

चैती तशीच उभी राहिली. कोंडी अजून काही म्हणेल असं तिला वाटत होतं. कोंडीनं हात काढला आणि ती चूल पेटवायला आत गेली.

रविवारी सकाळी ट्रक आला. माघ्याला आठवडाभर जड उचलायचं नव्हतं. म्हणून तांदळाचं गाठोडं, नाचणीचं गाठोडं, दोन मडकी, पत्र्याची पेटी आणि झोपेतला रघ्या, सगळं चैतीनं एकेक करून ट्रकच्या फळीवर चढवलं. पेटी चढवताना ती एकदा थांबली, कपाळ पत्र्याला टेकून उभी राहिली, आणि मग परत उचलायला वाकली. सिस्टरनं दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्यांची पुडी तिनं पदराच्या गाठीत बांधली होती. रखमी आता आजीजवळ राहणार होती; कोंडी तिचा हात धरून ओट्यावर उभी होती. मुकादमानं वरून विचारलं, जोडी पुरी हाय ना? माघ्या हो म्हणाला, आणि चैती चाकावर पाय ठेवून वर चढली.